काय शिकायचं, हे ठरवायचं कुणी?

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलीच्या गुणपत्रकावर जपानी चित्रकला, स्पॅनिश, लोकशाहीचा इतिहास आणि मातीची भांडी घडवण्याचा एक कोर्स असं सगळं शेजारी शेजारी दिसलं, तर आपल्याकडचा माणूस आधी विचारेल, "बाई, तुझं नेमकं ठरलं होतं तरी काय?" अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत मात्र असं गुणपत्रक अगदी नेहमीचं. उलट चारही वर्षं फक्त भौतिकशास्त्रच शिकलं, तर तिथे बहुतेक ठिकाणी पदवीच मिळायची नाही.

तिथल्या बी.ए.चा ढोबळ हिशेब असा. चार वर्षं, आठ सत्रं, दर सत्राला साधारण चार कोर्स, म्हणजे एकूण ३२. त्यातले दहा-बारा मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे. जवळजवळ तेवढेच मानव्यविद्या, समाजशास्त्रं, विज्ञान-गणित अशा वेगवेगळ्या शाखांतून घ्यावेच लागतात. उरलेले आपल्या मर्जीचे. मेजर कोणतं, हे दुसरं वर्ष संपेपर्यंत सांगितलं तरी चालतं. शेवटच्या वर्षी बऱ्याच ठिकाणी एक मोठा प्रबंध लिहावा लागतो.

वर वर पाहता हा एक कारकुनी तक्ता. पण त्याचा एकेक रकाना उकलत गेलं की थक्क व्हायला होतं. एका रकान्यामागे प्राध्यापकांची पेन्शन आहे, दुसऱ्यामागे महायुद्ध, तिसऱ्यामागे विद्यार्थ्यांनीच लिहिलेला जाडजूड अहवाल. आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःचं शिक्षण स्वतः निवडू द्यावं का, आणि द्यायचं तर किती?

पेन्शनीतून निघालेलं माप

सुरुवात क्रेडिटपासून करू, कारण त्याची जन्मकथा सगळ्यांत अजब आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेले अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. आपल्या कचेरीतल्या कारकुनांपेक्षाही प्राध्यापकांना पगार कमी, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना धक्का बसला. अशा पगारात म्हातारपणासाठी काय शिल्लक पडणार? १९०५ साली त्यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले आणि ते सांभाळायला एक प्रतिष्ठान उभं राहिलं.

आता पेन्शन द्यायची तर कुणाला? त्या काळी अमेरिकेत कुणीही कशालाही कॉलेज म्हणत असे. काही कॉलेजं म्हणजे हायस्कूलला दिलेलं भारदस्त नाव, एवढंच. मग प्रतिष्ठानाने कॉलेजची व्याख्या ठरवली. निदान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा आणि प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये १४ 'युनिट' पूर्ण केलेले हवेत. एक युनिट म्हणजे एक विषय वर्षभर, साधारण १२० तास. पेन्शनीच्या आशेने कॉलेजांनी ही अट भराभर स्वीकारली. कॉलेजांनी स्वीकारली म्हणून हायस्कुलांनाही आपलं वेळापत्रक तिच्यावर बेतावं लागलं. पुढे १९१० मध्ये याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कूक या इंजिनिअरने कॉलेजांचा कारभार तपासला. कारखान्यातल्या कामाची वेळ मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचा हा शिष्य. त्याने शिकवण्याचं कामही तासांत मोजलं: एका विद्यार्थ्याला मिळालेला एक तास हे त्याचं एकक.

आजचं क्रेडिट हे याच घराण्यातलं. आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर निदान दोन तासांचा अभ्यास, असं सुमारे पंधरा आठवडे केलं की एक क्रेडिट जमा होतं. म्हणजे ४५ तास. अमेरिकेत बी.ए.ला सर्वसाधारणपणे १२० क्रेडिट लागतात, काही कॉलेजं त्याऐवजी ३२ कोर्स मोजतात. गुणाकार करून पाहा: १२० क्रेडिट म्हणजे ५,४०० तास. त्यातले १,८०० वर्गातले आणि ३,६०० वर्गाबाहेरचे. पदवीचा दोन-तृतीयांश भाग ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, खोलीतल्या टेबलापाशी, कोऱ्या कागदासमोर घडतो, असं खुद्द हे मापच गृहीत धरतं.

या मापाने काय किमया केली, ते लक्षात घेण्यासारखं आहे. प्लेटोवरचा कोर्स आणि पेशीविज्ञानाचा कोर्स यांची बेरीज कशी करणार? क्रेडिट हे नाण्यासारखं आहे. गहू आणि कापूस यांची थेट तुलना होत नाही, पण दोन्हींची किंमत एकाच नाण्यात मांडता येते. हे नाणं चलनात आलं, आणि मग मेजर, मायनर, वैकल्पिक विषय अशी पदवीची सगळी जुळणी सोपी झाली. किती शिकलं हे मात्र या मापाला कळत नाही, त्याला फक्त किती वेळ बसलं तेवढं कळतं. प्राध्यापकांचं म्हातारपण सुखाचं व्हावं म्हणून काढलेली पट्टी विद्यार्थ्यांच्या ज्ञानाला लागली, ती आजतागायत.

सक्ती, मोकळीक आणि मधली वाट

पण निवडायचं काही असेल तरच मोजमापाची गरज. हार्वर्डची स्थापना १६३६ ची, आणि त्यानंतर दोनशे वर्षं तिथे निवडीचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. ग्रीक, लॅटिन, गणित, तर्कशास्त्र. सगळ्यांनी तेच, त्याच क्रमाने. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांनी व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या मानल्या होत्या, त्यांचाच हा लांबचा वारसा. १८२८ मध्ये येल कॉलेजच्या प्राध्यापकांनी एक प्रसिद्ध अहवाल काढून या जुन्या अभ्यासक्रमाची पाठराखण केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शिक्षणाने मन भरायचंही असतं आणि मनाला वळणही लावायचं असतं. यात वळण जास्त महत्त्वाचं, आणि ते ग्रीक-लॅटिननेच उत्तम लागतं.

१८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले तेव्हा ते अवघे ३५ वर्षांचे होते. मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांचा भरवसा विद्यार्थ्यावर. तरुण माणसाला आपला कल कळतो आणि ज्यात कल आहे त्यात तो जास्त कष्ट करतो, असं ते मानत. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून उठवत नेले. १८९० च्या दशकापर्यंत हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनासारखी एखाद-दुसरी सक्ती तेवढी उरली. ग्रीकचा एक शब्दही न वाचता हार्वर्डचं पदवीधर होता येतं, हे जुन्या मंडळींना भयंकर वाटलं. एलियट बधले नाहीत. ते तब्बल चाळीस वर्षं अध्यक्ष राहिले. गंमत म्हणजे कार्नेगींच्या पेन्शन प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळाचे पहिले अध्यक्षही हेच.

मोकळीक मिळाल्यावर मुलांनी काय केलं? काहींनी खरोखरच आपला रस्ता शोधला. बऱ्याच जणांनी सोपे विषय, सोयीच्या वेळा आणि पहिल्याच पायरीवरचे कोर्स गोळा केले. म्हणून १९०९ मध्ये एलियट यांच्यानंतर आलेल्या ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी तडजोड काढली. एका विषयात खोल उतरलंच पाहिजे, आणि बाकीचे विषय ठरावीक शाखांत विभागून घेतलेच पाहिजेत. खोलीसाठी मेजर, रुंदीसाठी वाटणी आणि उरलेल्यात मोकळीक. आज जगभर जिथे जिथे लिबरल आर्ट्‌सचा तक्ता दिसतो, तिथे बहुधा हीच तीन भागांची रचना दिसते. एका शतकाच्या भांडणाचा तह, एवढ्या साध्या रूपात.

कोलंबियातले दोन धडे

न्यूयॉर्कच्या कोलंबियाने वेगळीच दिशा धरली. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युद्धामागचे प्रश्न समजावून सांगणारा एक कोर्स होता. युद्ध संपल्यावर प्राध्यापकांच्या मनात आलं, की युद्धासाठी असा कोर्स हवा, तर शांततेसाठी नको का? १९१९ मध्ये 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' सुरू झाला. तो सगळ्यांना सक्तीचा, वर्ग छोटे, पुस्तकं एकच आणि चर्चा अखंड. १९३७ मध्ये त्याला अभिजात साहित्याच्या कोर्सची जोड मिळाली. दोन्ही कोर्स आजही चालू आहेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि संगीताची विद्यार्थिनी जेवणाच्या टेबलावर एकाच आठवड्यात वाचलेल्या एकाच पुस्तकावरून भांडू शकतात. सक्तीची ही बाजू एलियट यांच्या लक्षात आली नव्हती. सगळ्यांनी एकच वाचलं, तर कॉलेजभर बोलायला एक समान विषय मिळतो.

याच कोलंबियात त्याआधी काही वर्षं, १९१३ मध्ये, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर दाखल झाले होते. ते पदव्युत्तर विद्यार्थी, त्यामुळे पदवीच्या या अटी त्यांना लागू नव्हत्या. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, प्राध्यापक एडविन सेलिगमन. पण कोणत्या वर्गात जाऊन बसायचं याची मोकळीक होती, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी वापरली. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, शिवाय फ्रेंच आणि जर्मनही. जॉन ड्यूई यांच्या वर्गात ते तत्त्वज्ञान ऐकत होते. मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आंबेडकरांच्या जातिविषयक लेखनाची सुरुवात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच विभागात वाचलेल्या या निबंधात आहे. विषयांची कुंपणं ओलांडल्याने काय होऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मराठी वाचकाला दुसरं कुठून देणार?

दोन टोकं

मेरीलँडमधल्या ॲनापोलिस गावात सेंट जॉन्स नावाचं छोटं कॉलेज आहे. १९३७ मध्ये स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्युकॅनन या दोघांनी तिथला अभ्यासक्रम मुळापासून बदलला. मेजर नाही. विभाग नाहीत. निवड जवळपास नाहीच. सगळे विद्यार्थी चार वर्षं तोच अभ्यास करतात: होमर आणि प्लेटोपासून निघायचं, दान्ते, न्यूटन, कांट करत विसाव्या शतकापर्यंत यायचं. गणित चारही वर्षं, पण पाठ्यपुस्तकातून नाही. युक्लिडचा सिद्धान्त विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभं राहून सिद्ध करून दाखवायचा. मग टॉलेमी, मग कोपर्निकस, पुढे न्यूटन आणि शेवटी आइन्स्टाइन. प्रयोगशाळाही सगळ्यांना. भाषा म्हणून आधी ग्रीक, मग फ्रेंच. संगीत सगळ्यांना.

त्याहून नवलाची गोष्ट शिक्षकांची. तिथे कुणाला प्रोफेसर म्हणत नाहीत, सगळे ट्यूटर. आणि कोणत्याही ट्यूटरने यातलं काहीही शिकवायची तयारी ठेवायची. म्हणजे रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस ग्रीकच्या वर्गाला जातो आणि मुलांच्या थोडाच पुढे राहून शिकतो. संध्याकाळच्या सेमिनारमध्ये ट्यूटर एक प्रश्न टाकतो आणि पुढचे दोन तास बोलतात ते मुख्यतः विद्यार्थी. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला सगळ्या ट्यूटरांसमोर बसवतात. ते आपापसात त्याच्याविषयी बोलतात, जणू तो तिथे नाहीच: 'तो छान ऐकतो, पण गणितात घाबरतो.' तो गप्प बसून ऐकतो आणि मग त्याला बोलायची संधी मिळते. गुण दिले जातात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता दुसरं टोक. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राऊन विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल या दोन विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक अभ्यासगट जमला. विद्यार्थ्यांना पदवीत काय हवं, यावर त्यांनी शेकडो पानांचा अहवाल लिहिला. विद्यापीठाने तो कपाटात टाकला नाही. १९६९ मध्ये प्राध्यापकांनी त्यातला गाभा मान्य केला आणि ब्राऊनचा 'ओपन करिक्युलम' जन्माला आला. शाखानिहाय सक्तीची वाटणी गेली. एका विषयात मेजर करा, नीट लिहिता येतं हे दाखवा आणि ठरलेल्या संख्येइतके कोर्स उत्तीर्ण व्हा. बाकी तुमचं तुम्ही. हवा तर कोर्स श्रेणीऐवजी नुसत्या 'समाधानकारक' शेऱ्यावर करा. नापास झालात, तर तो कोर्स बाहेर पाठवल्या जाणाऱ्या गुणपत्रकावर दिसतच नाही. घाबरून अनोळखी विषय टाळू नका, असा त्यामागचा हेतू.

कोलोरॅडो कॉलेजने याच सुमारास, १९७० मध्ये, वेळापत्रकच उलटंपालटं केलं. एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे, बाकी काही नाही. भूगर्भशास्त्र असेल, तर सगळा वर्ग सरळ डोंगरात मुक्कामाला. घंटा होऊन दुसऱ्या तासाला पळायचा प्रश्नच नाही, कारण दुसरा तास नसतोच.

शेवटचा गड

अभ्यास कसाही केलेला असो, शेवटी बहुतेक कॉलेजं विद्यार्थ्याकडून एकट्याने काहीतरी उभारून घेतात. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, वर्षभराचा प्रबंध लिहावा लागतो आणि तोंडी परीक्षेत त्याचा बचाव करावा लागतो. मगच पदवी. ओहायोतल्या वूस्टरमध्येही तीच सक्ती, आणि प्रबंध सुपूर्द केल्यावर कॉलेजकडून बक्षीस म्हणून मिळते ती एक चॉकलेटी टूट्सी रोल गोळी. वर्षभराच्या घामाची पोचपावती एवढीशी, आणि मुलं ती मोठ्या अभिमानाने मिरवतात. स्वार्थमोरमध्ये १९२२ पासून ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची परीक्षा बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले तज्ज्ञ घेतात. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला असतात आणि परीक्षक समोर.

काही अटी तर अशा, की कुणी थापा मारतंय असं वाटावं. कोलंबिया, कॉर्नेल अशा ठिकाणी पोहता येत असल्याशिवाय पदवी नाही, ही अट वर्षानुवर्षं होती. हार्वर्डमध्ये एक दंतकथा रुजली होती. टायटॅनिकवर मुलगा गमावलेल्या एका आईने ग्रंथालयासाठी देणगी देताना ही अट घातली म्हणे. ग्रंथालय खरं, मुलाचा मृत्यू खरा, अट मात्र खोटी.

तक्त्यात न दिसणारा रकाना

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. हजारो मुलांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची म्हटल्यावर अभ्यासक्रम एकच असणं भाग होतं. अमेरिकन कॉलेजात जो शिकवतो तोच प्रश्न काढतो आणि तोच तपासतो. म्हणून तिथल्या प्राध्यापकाला नवा कोर्स काढता येतो आणि विद्यार्थ्याला तो निवडता येतो. निवडीचं स्वातंत्र्य तक्त्यातून येतच नाही, ते शिक्षकावर टाकलेल्या भरवशातून येतं.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर कोल्हापूर, नांदेड, जळगावच्या कॉलेजांतही मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह हे शब्द कानावर पडतात. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट. म्हणजे कार्नेगींच्या पेन्शनीतून निघालेलं नाणं आता आपल्या मुलांच्या खात्यातही जमा होतं, आणि त्याची देशपातळीवर ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची बँकही आहे. लोवेल यांचा तह शंभरेक वर्षांनी आपल्या नोटीस बोर्डावर लागला.

म्हणून सेंट जॉन्स आणि ब्राऊन यांच्याकडे पुन्हा एकदा पाहायला हवं. एकाने निवड जवळजवळ काढून घेतली, दुसऱ्याने जवळजवळ सगळी देऊन टाकली. तरी दोन्हीकडची मुलं विचार करायला शिकून बाहेर पडतात. मग गुपित सक्तीत नाही आणि मोकळिकीतही नाही. दोन्हीकडे समान काय आहे? सेंट जॉन्समध्ये ट्यूटर प्रत्येक मुलाविषयी तपशिलात बोलू शकतात. ब्राऊनमध्ये पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार प्राध्यापक आणि वरच्या वर्गातला एक सोबती मिळतो, आणि हे का निवडलंस, असं त्याला विचारलं जातं. अठराव्या वर्षी निवड चुकणारच. चूक वेळेत दिसावी एवढ्या जवळ कुणीतरी बसलेलं असलं की ती चूकही अभ्यासाचाच भाग होते.

तेव्हा कॉलेज निवडताना क्रेडिटची बेरीज करून झाली, की आणखी एक प्रश्न तिथल्या मंडळींना जरूर विचारावा. पदवीचे दोन-तृतीयांश तास वर्गाबाहेरचे असतील, तर त्या तासांत मुलाने काय वाचलं, काय लिहिलं आणि तो कुठे अडला, हे विचारायला तुमच्याकडे कोण आहे? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर कॉलेज चांगलं आहे, मग तिथला तक्ता कसाही असो.